इन्देन: हरणाचे कातडे, झाडाचा चीक आणि हिंदुस्थानचे नाव

जपानच्या यामानाशी प्रांतातले मुख्य शहर कोफू. तिथल्या दुकानांत हरणाच्या कातड्याचे बटवे आणि पैशाची पाकिटे मिळतात. कातडे इतके मऊ, की जाड फलालीन हातात धरल्यासारखे वाटते. त्यावर बोट फिरवले की बारीक उंचवटे लागतात: चतुर, समुद्राच्या लाटा, द्राक्षाचे घोस. ही नक्षी विणलेली नाही की ठोकून उठवलेलीही नाही. झाडाच्या चिकाचा थर कातड्यावर चढवून ती उमटवलेली असते. या कामाला 'इन्देन' म्हणतात. 'इन्दो देनराई', म्हणजे हिंदुस्थानातून आलेले, या शब्दांचे हे आखूड रूप, असे जपानमध्ये सांगतात.

कथा अशी की कान्एई काळात, म्हणजे १६२४ ते १६४४ च्या दरम्यान, परदेशी जहाजांतून आलेले हिंदुस्थानी नक्षीदार कातडे शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याला, नजर केले गेले आणि तिथून हे नाव रुळले. काळ जुळतो. पोर्तुगीजांचा व्यापार गोवा, मलाक्का, मकाव आणि नागासाकी अशा वाटेने चाले. १६३९ मध्ये जपानने त्यांना बंदी केली, तेव्हा डच उरले, आणि त्यांच्या वखारी सुरतेपासून कोरोमंडल किनाऱ्यापर्यंत होत्या. याच वाटांनी आपले छापील सुती कापडही जपानला पोचले. तिथे त्याला 'सारासा' म्हणू लागले. इन्देनमध्ये रंगागणिक वेगळा छाप वापरून कातडे छापण्याची जी रीत आहे, तिचे नावही सारासाच.

पण एवढ्यावरून 'ही कला आपणच जपानला दिली' असा मेसेज पुढे ढकलू नये. कातड्यावर चीक चढवण्याचे जपानी काम त्या जहाजांपेक्षा साडेआठशे वर्षांनी तरी जुने आहे. नारा शहरातल्या शोसोइन कोठारात सम्राट शोमूच्या मागे राहिलेल्या वस्तू आहेत. त्याच्या राणीने त्या ७५६ मध्ये तोदाइजी मंदिराला अर्पण केल्या. या कोठारात 'शिप्पी' पद्धतीच्या पेट्या आहेत. कच्चे कातडे लाकडी साच्यावर ताणून पेटीचा आकार द्यायचा आणि वर चिकाचे थर द्यायचे. पेटी हलकी, तरी टणक. पुढे सामुराईंच्या चिलखतांत हरणाचे कातडे लागू लागले. तेव्हाची एक रीत अजून टिकून आहे: कातडे गोल पिंपाला गुंडाळायचे, खाली पेंढा जाळायचा आणि धुरावर पिवळसर ते गडद तपकिरी रंग आणायचा. जिथे धूर लागू नये तिथे दोरा गुंडाळायचा किंवा खळ लावायची.

कोफूच्या 'इन्देनया' या घराण्याची स्थापना १५८२ ची मानतात. गंमत अशी की या भागावर राज्य करणाऱ्या ताकेदा घराण्याची सत्ता संपली तेही याच वर्षी. लढायांचे दिवस सरत गेले आणि चिलखताचे कातडे तंबाखूच्या चंच्या आणि बटव्यांकडे वळले. नक्षीत मात्र जुना स्वभाव राहिला. चतुर मागे उडत नाही अशी समजूत, म्हणून तो 'विजयी किडा', आणि योद्ध्यांना शुभ.

खरी मजा चिकात आहे. इंग्रजी 'लॅकर' हा शब्द पोर्तुगीज 'लाका'वरून, आणि तो आपल्या 'लाखे'वरून आला. पण जपानी 'उरुशी' लाख नव्हे. सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढते ती लाख किड्याची, उष्णतेने वितळणारी. उरुशी झाडाचा चीक आहे, बिब्ब्याच्याच कुळातल्या झाडाचा, त्यामुळे अंगावर उततोही तसाच. दहा-पंधरा वर्षे वाढवलेले झाड एका हंगामात चिरून जेमतेम २०० ग्रॅम चीक देते, मग ते तोडतात. हा चीक उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवा लागते. त्यातले विकर (एन्झाइम) हवेतला प्राणवायू घेऊन चीक घट्ट करते, आणि ते दमटपणाशिवाय चालत नाही. ज्या हवेत मुंबईत जुलै महिन्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तशी हवा कोंडलेल्या खोलीत हे कारागीर मुद्दाम राखतात.

काम पाहिले तर रांगोळीचा छाप आठवतो. नक्षी कोरलेला जाड जपानी कागद रंगवलेल्या कातड्यावर ठेवायचा, दाट चीक पट्टीने एका दमात ओढायचा, कागद उचलायचा. कागद जरा सरकला की नक्षी फिसकटली. कातडे जिवंत प्राण्याचे, कुठे जाड कुठे पातळ, तेव्हा हाताचा दाब दर वेळी वेगळा.

या इतिहासात एक जागा नेहमी घाईने ओलांडली जाते. चीक चढवणाऱ्या घराण्याचे नाव चारशे वर्षे टिकले, पण कातडे सोलून कमावणाऱ्यांचे काय? जपानमध्येही ते काम अस्पृश्य मानलेल्या लोकांकडे होते, गावाबाहेर, नदीकाठी. १८७१ च्या हुकुमाने तो दर्जा कागदावर संपला, वागणुकीत नाही. त्यांच्या वंशजांनी १९२२ मध्ये क्योतोत 'सुइहेइशा' ही समतेची संघटना काढली. ढोर आणि चांभार वस्त्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

घराण्यातही ज्ञान दाबूनच ठेवलेले होते. कसब तोंडी, एका वारसालाच सांगायचे असा नियम. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो सुटला, आणि १९८७ मध्ये सरकारने 'कोशू इन्देन'ला (कोशू हे या भागाचे जुने नाव) पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. आज कातडे बहुतेक चीनमधून येते, चीकही बराचसा तिथूनच. उलट यामानाशीच्या डोंगरात हरणे इतकी वाढली आहेत की शेती आणि जंगल वाचवण्यासाठी ती मारावी लागतात. त्यांचे कातडे वाया न घालवता पुन्हा इन्देनसाठी कमावण्याचे काम तिथल्या काही कारागिरांनी हाती घेतले आहे.