शेणाचा हिशोब डच लोकांना का मांडावा लागला

आपल्याकडे शेणखताची एक ट्रॉली मिळवायला ओळख काढावी लागते, त्यामुळे नेदरलँड्समध्ये शेण जास्त झालं म्हणून कायदे करावे लागले हे वाचून आधी हसूच येतं. पण भानगड मुळात शेणाची नाही, पेंडीची आहे. महायुद्धानंतर तिथे गायी-डुकरं वाढत गेली आणि त्यांचं खाणं, सोयाबीन म्हणा मका म्हणा, रॉटरडॅम बंदरात जहाजाने यायचं, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरस बाहेरून आयात, दूध-मांसातून थोडा परत बाहेर आणि उरलेला सगळा त्या एवढ्याशा देशाच्या मातीत नि पाण्यात.

हिशोब सोपाय तसा. समजा गाय दिवसाला 20 किलो कोरडा चारा खाते, त्यात प्रोटीन 16 टक्के, म्हणजे नायट्रोजन साधारण 510 ग्रॅम. ती 28 लिटर दूध देते, त्यात जातो 150 च्या आसपास. बाकीचा बहुतेक शेणामुतात! मुतातला युरिया शेणाला लागला की अमोनिया होऊन उडतो, आणि शेतात गेलेला पिकाने नाही घेतला की नायट्रेट होऊन खाली झिरपतो.

1991 ला युरोपचा नायट्रेटचा नियम आला, जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी 170 किलोच नायट्रोजन. डचांनी 1998 ला मिनास नावाचं स्वतःचं हिशोबाचं तंत्र काढलं: फार्मच्या गेटमधून आत काय आलं, बाहेर काय गेलं, फरक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की दंड. मला तरी ही आयडिया भारी वाटते, कारण शेतकऱ्याला आपली गळती कुठे होते ते दिसायचं. पण 2003 ला युरोपियन कोर्टाने नाही म्हटलं, नियमाला हवी होती खत किती टाकायचं याची आधीच ठरलेली मर्यादा आणि मिनास मागून दंड लावायचं. 2006 ला ते बंद, पण गवताळ जमीन जास्त असलेल्यांना 250 किलोची सवलत मिळाली.

हिशोबाची सवय मात्र टिकली. द मार्के नावाच्या प्रयोगाच्या फार्मवर नव्वदच्या दशकापासून चारा, गाय, शेण, माती असं पूर्ण चक्र मोजत होते, पुढे त्याच धर्तीवर क्रिंगलोपवायझर हे मॉडेल आलं जे प्रत्येक गोठ्याचा वेगळा आकडा काढतं. मग 2015 ला दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध काढायचं याची युरोपने घातलेली मर्यादा, उठला, लोकांनी गायी वाढवल्या, शेणातल्या फॉस्फेटची (म्हणजे फॉस्फरसची) देशासाठी ठरलेली मर्यादा ओलांडली आणि 2018 पासून दुधाच्या गायी पाळायला फॉस्फेटचे हक्क, म्हणजे एक प्रकारचे परवाने, लागायला लागले. ती 250 वाली सवलतही टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं, म्हणजे परत 170 वर, आणि वरचं शेण उचलून न्यायला शेतकऱ्यानेच पैसे द्यायचे.