तुटपुंज्या मेमरीतलं गार्बेज कलेक्शन : पार्श्वभूमी

वापरून झालेली मेमरी यंत्रणेनेच परत मिळवावी (हेच गार्बेज कलेक्शन), ही चैन मोठ्या मशीनलाच परवडते, असा समज अजूनही ऐकू येतो. इतिहास नेमका उलटा आहे. जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी ही पद्धत आणली ती आयबीएम ७०४ या संगणकावर, आजच्या हिशेबात अगदीच चिमुकल्या मेमरीत. मोकळी जागा संपली की प्रोग्रॅम थांबवायचा, वापरातल्या डेटावर खूण करायची आणि बिनखुणेचं सगळं परत घ्यायचं. या फेरीला काही सेकंद लागतात, म्हणून दर वेळी काही हजार जागा तरी सुटायला हव्यात, हे त्यांनी १९६० च्या निबंधातच बजावलं होतं. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी रेफरन्स काउंटिंग मांडलं : प्रत्येक ऑब्जेक्टला, म्हणजे मेमरीतल्या डेटाच्या तुकड्याला, किती जणांनी धरलंय ते मोजत राहायचं आणि मोजणी शून्यावर आली की जागा सोडायची. तिथे थांबणं नाही, पण एकमेकांना धरून बसलेले ऑब्जेक्ट कधीच सुटत नाहीत.

खरी मेख वेगळीच होती. खुणा करत आत शिरताना परतीची वाट लक्षात ठेवायला स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या नोंदी, लागतो. मेमरी संपली म्हणून कलेक्टर बोलवायचा, आणि त्यालाच आधी मेमरी द्यायची! १९६७ मध्ये शोर आणि वेट यांनी यावर तोड काढली : ज्या पॉइंटरवरून (पुढच्या डेटाचा पत्ता जिथे लिहिलेला असतो त्या जागेवरून) पुढे गेलो, त्यातच मागचा पत्ता लिहून ठेवायचा आणि परतताना तो पूर्ववत करायचा. या विषयातली इतकी देखणी युक्ती मला दुसरी माहीत नाही. चेनी यांच्या १९७० च्या पद्धतीलाही स्टॅक लागत नाही, मात्र वापरातला डेटा उचलून दुसरीकडे ठेवायला अर्धी मेमरी रिकामी राखावी लागते. छोट्या उपकरणाला ते कुठून झेपणार?

पुढे प्रत्येकाने आपापली तडजोड केली. जावा कार्डच्या (स्मार्ट कार्डवर चालणाऱ्या छोट्या जावाच्या) २.२ आवृत्तीत ऑब्जेक्ट पुसण्याची सोय आली, तीही प्रोग्रॅमने मागितल्यावरच चालणारी आणि कार्ड बनवणाऱ्यांसाठी ऐच्छिक. ॲपलने आयफोनवर गार्बेज कलेक्टर दिलाच नाही. २०११ मध्ये मोजणीचं काम कंपायलरकडे, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवलं, म्हणजे वाट कॉलिन्स यांचीच.

मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या चिपवर चालणारं पायथन, मात्र मॅकार्थींच्या वाटेवर आहे. १९२ केबी रॅमच्या पायबोर्ड या त्याच्या सर्किट बोर्डवर हीपचे (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीचे) १६ बाइटचे ब्लॉक पाडलेले असतात आणि प्रत्येकाची अवस्था २ बिटांत नोंदवतात. खुणांचा स्टॅक ठरावीक आकाराचा. तो भरून वाहिला तर हीप पुन्हा पहिल्यापासून तपासतात. वेळ जातो, मेमरी वाचते. जिवंत, म्हणजे वापरातले, ऑब्जेक्ट जागचे हलवले जात नाहीत, त्यामुळे मोकळी जागा विखुरते. म्हणूनच मोठे बफर (डेटा तात्पुरता ठेवायच्या सलग जागा) प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच घेऊन तेच पुन्हा पुन्हा वापरतात.