लांबलेला हिवाळा आणि उजेडाचा हिशेब

हिवाळ्यात मन उदास होते, असे कोणी सोलापुरात सांगितले तर ऐकणाऱ्याला ते चटकन पटणार नाही. शेतातला हुरडा, मार्गशीर्षातली येळवस (वेळा अमावस्या) आणि संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा यांमुळे येथे हाच वर्षातला सर्वांत सुखाचा काळ असतो. उत्तर नॉर्वेतल्या किंवा फिनलंडमधल्या खेड्यांत मात्र कित्येक महिने बर्फ हटत नाही, आणि या काळात मन खचल्याची तक्रार घेऊन लोक डॉक्टरांकडे जातात. या तक्रारीचे मूळ कडाक्याच्या थंडीत असावे, असा आपला सहज समज होतो. संशोधकांनी मात्र बोट ठेवले ते उजेडावर.

सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथील वर्षातला सर्वांत लहान दिवसही 11 तासांचा असतो, आणि सर्वांत मोठा दिवस त्याहून जेमतेम दोन तासांनी मोठा असतो. नॉर्वेतले ट्रॉम्सो 69 अंशांच्याही पलीकडे आहे. तेथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही आणि भर दुपारी काही वेळ निळसर संधिप्रकाश तेवढा मिळतो.

मेंदूच्या तळाशी असलेले पेशींचे एक लहानसे केंद्र आपल्या शरीराचे घड्याळ चालवते. हे घड्याळ बहुतेकांमध्ये 24 तासांहून किंचित मंद असते आणि त्याला रोज सकाळच्या उजेडाने वेळेवर आणावे लागते. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात खास पेशी असतात. त्या चित्र पाहण्यापेक्षा उजेड किती आहे हे मोजण्याच्या कामी अधिक येतात, आणि निळ्या प्रकाशाला त्या विशेष प्रतिसाद देतात. सकाळ अंधारीच राहिली तर हे घड्याळ मागे पडू लागते आणि झोपेशी निगडित असलेल्या मेलाटोनिन या संप्रेरकाची वेळ सरकते. मग अंग जड वाटते, झोप पुरत नाही, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ वाढते. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या ऋतुमानी नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्रखर उजेडाचा उपचारही सुचवला.

घरातला दिवा आपल्याला पुरेसा वाटतो, कारण डोळा जुळवून घेण्यात पटाईत आहे. मोजमाप वेगळेच सांगते. दिवे लावलेल्या खोलीत साधारण 100 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर सोलापूरच्या दुपारच्या उन्हात तो 1,00,000 लक्सपर्यंत जातो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स उजेड मिळतो.

उजेडाच्या बाबतीत बर्फ चक्क मदतीला येतो, ही गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. आपल्या भागातली ओली काळी जमीन तिच्यावर पडणाऱ्या उजेडाचा दहावा भागही क्वचितच परत फेकते. ताजा बर्फ 80 ते 90 टक्के उजेड परतवतो. त्यामुळे बर्फाने झाकलेल्या गावात चंद्राचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेडही दूरवर पुरतो. त्या मानाने बर्फ पडण्याआधीचे ओले, काळे दिवस अधिक अंधारे असतात.

उजेडासाठी लोक काय करू शकतात, हे नॉर्वेतल्या र्‍यूकानमध्ये पाहावे. खोल दरीतल्या या गावावर सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ऊन पडत नाही. गावकऱ्यांना डोंगरमाथ्यावर जाऊन ऊन घेता यावे म्हणून 1928 मध्ये तेथे रोपवे सुरू झाला. 2013 मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवण्यात आले. संगणकाच्या मदतीने ते सूर्याच्या दिशेने वळतात आणि ऊन थेट गावच्या चौकात पाडतात. या खर्चावरून गावात वाद झाला होता. पण भर हिवाळ्यात लोकांना घराबाहेर काढून एका जागी आणणारा खर्च मला तरी वाया गेलेला वाटत नाही.

तरीही सारा हिशेब उजेडावर सुटत नाही. आइसलँडमध्ये हे नैराश्य त्याच्या अक्षांशावरून अपेक्षा करावी त्यापेक्षा कमी आढळल्याचे 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. नॉर्वेत केलेल्या एका अभ्यासात हिवाळ्याकडे संधी म्हणून पाहणारे लोक अधिक समाधानी आढळले, आणि ही वृत्ती उत्तरेकडे जास्त होती. अर्थात वृत्तीमुळे समाधान येते की समाधानी माणसाची वृत्तीच तशी असते, हे अशा पाहणीवरून ठरत नाही.

माणसे एकत्र येण्याचे महत्त्व मात्र बर्फाळ गावांच्या सणांतही दिसते. हिमाचलातल्या लाहौलमध्ये जानेवारीत हालडा सणाला लोक पेटत्या मशाली घेऊन रात्री एकत्र जमतात. आपल्याकडे त्याच सुमारास येळवशीला सारे घर आंबील आणि भज्जी घेऊन शेतावर जाते. पूर्वजांना मेलाटोनिन ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. लहान दिवसांत लोकांना घराबाहेर आणणारा सण टिकून राहिला, एवढे म्हणणे पुरे आहे.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी सोलापूरहून अशा प्रदेशात जाणाऱ्यांनी सकाळचा उजेड चुकवू नये. आकाश ढगाळ असले तरी बाहेर चालून यावे. जेथे उजेडच नसतो तेथे 10,000 लक्सचा खास दिवा सकाळी सुमारे अर्धा तास समोर ठेवतात. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नसते. वाचन किंवा न्याहारी चालू ठेवता येते. डोळ्यांचा विकार असेल, किंवा उत्तेजना आणि नैराश्य आलटूनपालटून येण्याचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल तर दिव्याच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जावे.