रिजेक्शन की इन्फेक्शन?

डिसेंबर १९६७. केप टाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसवले. जगातली ही पहिलीच वेळ. काही दिवसांतच एक्स-रेमध्ये फुप्फुसांवर डाग दिसू लागले. शरीर हृदय नाकारत आहे, असा डॉक्टरांचा समज झाला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवली गेली. प्रत्यक्षात तो न्यूमोनिया होता. वॉशकान्स्की अठराव्या दिवशी गेले.

तेव्हाचा तो घोळ अजूनही पुरता मिटलेला नाही. रिजेक्शन म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती नव्या अवयवाला परका समजून त्याच्यावर तुटून पडते. इन्फेक्शन म्हणजे तीच शक्ती औषधांनी लुळी पडलेली असते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. कारणे उलटी, उपचारही उलटे. रिजेक्शनवर साधारण तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचा मोठा डोस देतात. गंभीर इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागतात. एकाचे औषध दुसऱ्याला दिले, तर आगीत तेल.

हृदयाच्या बाबतीत निदान थोडे तरी धागेदोरे मिळतात. दोन-तीन दिवसांत वजन वाढणे, पायांवर सूज, ठोके चुकणे, जिना चढताना नव्याने लागणारी धाप यांवरून संशय रिजेक्शनकडे जातो. ताप, थंडी, लघवीला जळजळ असेल तर इन्फेक्शनकडे. पण तापावर फार विसंबू नये, कारण रोजचे स्टेरॉइड ताप झाकून टाकते. छातीत दुखण्याचीही वाट पाहू नये: काढतानाच हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे दुखणे बऱ्याचदा कळतच नाही. (त्याच कारणाने बसल्या जागी नाडी ९० ते ११० दिसते. नव्या पेशंटला त्याची धास्ती वाटते, पण ते अपेक्षितच आहे.) शिवाय सुरुवातीचे रिजेक्शन अनेकदा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणून सगळे ठीक वाटत असतानाही मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा हृदयात उतरवून एक-दोन मिलिमीटरचे काही तुकडे काढतात (हीच बायोप्सी) आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्टॅनफर्डमध्ये फिलिप केव्हज यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा चिमटा रुळवला, त्याआधी सगळा कारभार अंदाजाचाच होता.

फुप्फुसात मात्र खरी पंचाईत होते. शरीरात बसवलेल्या अवयवांपैकी हा सतत बाहेरची हवा ओढणारा. प्रत्येक श्वासाबरोबर धूळ, बुरशी, विषाणू आत. नसा तुटल्याने, फुप्फुस जिथे जोडले त्या जोडाच्या खाली खोकल्याची जाणीवही कमी, म्हणजे कफ साचला तरी पटकन कळत नाही. खोकला, दम, ऑक्सिजन उतरणे, एक्स-रेवर डाग ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच. घरी रोज सकाळी छोट्या स्पायरोमीटरमध्ये फुंकून एका सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचा आकडा वहीत टिपतात. तो नेहमीपेक्षा दहा टक्के घसरला आणि घसरलेलाच राहिला, तर फोन करायचा. काहीतरी बिघडले एवढेच तो आकडा सांगतो. काय बिघडले, ते ब्रॉन्कोस्कोपीने कळते: दुर्बीण आत घालून सलाइनने फुप्फुसाचा एक भाग धुतात, ते पाणी जंतू शोधायला जाते, त्याच बैठकीत ऊतींचे तुकडे काढतात, ते रिजेक्शन शोधायला.

अलीकडे रक्ताची एक चाचणी आली आहे. दात्याच्या अवयवातल्या पेशी मेल्या की त्यांचा डीएनए रक्तात येतो, तो मोजायचा. हृदयाच्या पेशंटमध्ये आकडा कमी आला, तर पुष्कळदा बायोप्सी टळते. ही मोठी सोय आहे. फुप्फुसात मात्र तो आकडा इन्फेक्शननेही चढतो. घरात चोर शिरल्याचे कळते, कोणता ते कळत नाही.

त्यात दोघांची जोडीही जमते. सीएमव्ही नावाचा विषाणू स्वतः आजार करतोच, वर रिजेक्शनलाही चिथावतो. बुरशीवरच्या व्होरिकोनाझोलसारख्या गोळ्या टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या रोजच्या औषधाची) रक्तातली पातळी चढवतात, क्षयाचे रिफाम्पिसिन ती पाडते. म्हणजे इन्फेक्शनच्या उपचारातूनच रिजेक्शनची वाट उघडू शकते. जुलाबातही ही पातळी वाढते.

टॅक्रोलिमसच्या तपासणीत हमखास होणारी चूक म्हणजे सकाळची गोळी घेऊन रक्त द्यायला जाणे. आकडा फुगलेला येतो, त्यावरून डोस कमी केला जातो आणि शरीर अवयवावर उलटायला मोकळे होते. गोळी डबीतच सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी. डॉक्टरांना फोन करताना ताप किती, एवढेच सांगून भागत नाही. गेल्या आठवड्यात कोणता डोस चुकला, उलटी गोळीनंतर किती वेळाने झाली, दुसऱ्या कुणी कोणते औषध दिले, वहीतला आकडा कोणत्या दिवसापासून उतरतो आहे, हेही सांगावे लागते.