नव्या कॉम्प्युटरवर जुन्या फायली नीट उघडेनात, तर

नवा कॉम्प्युटर बसवून दिला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास फोन येतो, "फाईल खराब झाली." खरोखर खराब झालेल्या फायली आम्ही पाहिल्यात, पण फार थोड्या. बहुतेक वेळा फाईल जशीच्या तशी असते. फॉन्ट, प्रिंटर, फोल्डरचा पत्ता नाहीतर फाईल उघडणारा प्रोग्राम, यांपैकी काहीतरी जुन्या मशीनवर राहून गेलेलं असतं.

म्हणून आधी एकच विनंती. फाईल विचित्र दिसली तर 'सेव्ह' दाबू नका. बंद करताना बदल जतन करायचे का असं विचारलं, तर सरळ 'नाही' म्हणा. काय प्रयोग करायचे ते फाईलची कॉपी काढून तिच्यावर करा. आणि जुना कॉम्प्युटर निदान महिनाभर फॉरमॅट करू नका, कुणाला देऊनही टाकू नका. महिनाच का? कारण महिनाअखेरची बिलं आणि पगारपत्रकं एकदा नव्या मशीनवर करून झाली, की काय आणायचं राहिलंय ते आपोआप कळतं.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमीड

लोक सर्वांत जास्त घाबरतात ते याला, म्हणून जरा सविस्तर.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाईलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. तुम्ही 'मराठी' टाइप केलंत की फाईलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं जातात. ईच्या जागी म, जेच्या जागी र, केच्या जागी काना, बीच्या जागी ठ आणि एचच्या जागी दीर्घ वेलांटी काढून दाखवणं हे फॉन्टचं काम. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की खालची पाच अक्षरं उघडी पडतात. मजकूर कुठेही गेलेला नसतो.

उपाय सोपा आहे. गिचमीड शब्दावर कर्सर ठेवा आणि वर्डमध्ये वर फॉन्टच्या चौकटीत कोणतं नाव दिसतं ते पाहा. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव तिथे दिसतं. तोच फॉन्ट जुन्या मशीनच्या 'विंडोज' फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स'मधून आणा, राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हणा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. तोच म्हणजे अगदी तोच. कोणत्या कळीला कोणतं अक्षर हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असल्यामुळे, कृतिदेवच्या फाईलला श्रीलिपीचा फॉन्ट लावला तर एक गिचमीड जाऊन दुसरी येते. जे फॉन्ट परवाना घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले असतील, त्यांचं सॉफ्टवेअरच नव्या मशीनवर पुन्हा बसवावं लागेल.

आता जे अजिबात करू नये ते. सगळा मजकूर सिलेक्ट करून त्याला 'मंगल' लावू नका. मंगल युनिकोडचा फॉन्ट आहे (युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो), त्याला ई म्हणजे ईच दिसतो, त्यामुळे गिचमीड तशीच राहते. वर आणखी एक नुकसान होतं. जुन्या फाईलमध्ये कोणता शब्द मराठी आणि कोणता खरोखरच इंग्रजी, याची खूण फक्त फॉन्टच्या नावात असते. सरसकट एकच फॉन्ट लावून सेव्ह केलं की ती खूण पुसली जाते, आणि मग कोणत्या ओळी पुन्हा कृतिदेव करायच्या हे बसून डोळ्यांनी शोधावं लागतं. आम्ही हे काम केलंय. पुन्हा करायची हौस नाही.

पुढेही वापरात राहणाऱ्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात असं आमचं मत आहे. त्यातला शब्द शोधला तर सापडतो आणि मजकूर कुठेही चिकटवला तरी मराठीच राहतो. पण हे बदल करून देणाऱ्या प्रोग्रामवर, म्हणजे कन्व्हर्टरवर, डोळे मिटून विश्वास नको. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट आहे, तो जुन्यात नंतर आणि युनिकोडमध्ये आधी येतो. म्हणून 'किल्ला', 'कार्य', 'वर्षे' असे शब्द आवर्जून तपासा. मजकुरात मध्येच आलेली इंग्रजी नावं आणि ईमेल पत्तेही पाहा. कन्व्हर्टर त्यांचंही मराठी करून टाकतो आणि त्याला अर्थ काहीच नसतो.

मराठी दिसतं, पण पानं सरकली

मजकूर मंगलमध्येच आहे, वाचताही येतो, पण बारा पानांचा अहवाल तेरा पानांचा झाला? विंडोज १० पासून मंगल प्रत्येक मशीनवर आपोआप येत नाही. तो नसला की त्याच्या जागी निर्मला हा फॉन्ट लागतो, त्याची रुंदी वेगळी आणि ओळीची उंचीही वेगळी. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. इंटरनेट लागेल. मंगलबरोबर कोकिला, अपराजिता आणि उत्साह हेही येतात.

मग कागद पाहा. नवा प्रिंटर कधीकधी 'लेटर' मापावर लावलेला असतो. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा, लेटर साधारण २१६ × २७९ चा. म्हणजे उंचीत जवळजवळ दोन सेंटिमीटर कमी, आणि तेवढ्यात सहीची ओळ पुढच्या पानावर जाते. ज्या कागदाची मांडणी हलून चालणार नाही, त्याची पीडीएफ जुन्या मशीनवरच करून ठेवा.

फाईल उघडतच नाही

आधी तिचा आकार बघा. शून्य केबी असेल तर कॉपी अर्धवट झाली आहे (पेन ड्राइव्ह घाईने उपटला असणार). जुन्या मशीनवरून पुन्हा आणा.

नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली एवढीशी फाईल दिसली, तर ती तुमचं पत्र नाही. फाईल उघडी असताना वर्ड ती तात्पुरती बनवतं आणि वापरणाऱ्याचं नाव तिच्यात लिहून ठेवतं. जुन्या मशीनवर वर्ड चालू ठेवून फोल्डर कॉपी केला, तर तीही बरोबर येते. मग ही फाईल दुसरं कुणीतरी वापरतंय असा संदेश येतो आणि ते दुसरं कुणीतरी म्हणजे तुम्हीच असता! वर्ड बंद करा आणि ती छोटी फाईल काढून टाका.

वर पिवळी पट्टी आली तर घाबरू नका. ईमेलमधून किंवा इंटरनेटवरून आलेली फाईल वर्ड आणि एक्सेल सांभाळून उघडतात. पाठवणारा ओळखीचा असेल तर 'एडिट' चालू करा.

फाईलच्या नावामागचं शेपूट बदलून फाईल बदलत नाही. २००७ पासूनच्या वर्डची 'डॉक्स' फाईल ही खरं तर एक झिप असते, जुनी 'डॉक' वेगळ्याच पद्धतीने बनलेली. नाव बदललंत तरी पोट तेच राहतं. जुनी फाईल उघडून 'सेव्ह ॲज' करा.

परवानगी नाही असा संदेश येत असेल, तर फाईलची मालकी जुन्या मशीनवरच्या खात्याकडे राहिली आहे. ती बदलता येते, आम्हाला सांगा. मात्र फाईलच्या चित्रावर छोटं कुलूप असेल तर ती विंडोजने सांकेतिक केलेली आहे आणि किल्ली जुन्या मशीनमध्येच आहे. जुनं मशीन फॉरमॅट झालं आणि किल्ली कुठे जपून ठेवलेली नसली, तर त्या फायली आम्हीही उघडू शकत नाही. कुलूप जुन्या मशीनवर काढूनच फायली आणाव्यात.

एक्सेलवाल्यांसाठी

एका शीटमध्ये दुसऱ्या फाईलचे आकडे येत असतील, तर त्यात जुन्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. उघडताना लिंक अपडेट करायच्या का असं विचारलं की 'नको' म्हणा, म्हणजे जुने आकडे तसेच राहतात. नंतर 'डेटा' मेनूत 'एडिट लिंक्स'मधून (नव्या एक्सेलमध्ये 'वर्कबुक लिंक्स') नवा पत्ता द्या.

सीएसव्ही फाईलवर (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल) डबल क्लिक करू नका. मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हं येतात आणि खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. तशीच सेव्ह केली तर ती शून्यं कायमची गेली. 'डेटा' मेनूतून 'टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) लावा आणि क्रमांकाच्या रकान्याला 'टेक्स्ट' करा.

फोन करण्याआधी

पडद्यावरचा संदेश बंद करण्यापूर्वी मोबाईलवर त्याचा फोटो काढा. "काहीतरी एरर आला" यावरून आम्हाला काहीच कळत नाही, त्यातल्या आकड्यावरून पुष्कळ कळतं. फाईलचं नाव, ती कुठून कॉपी केली आणि जुन्या मशीनवर आज उघडते का, एवढं पाहून ठेवा. जुन्यावरही उघडत नसेल तर ते आधी सांगा, म्हणजे आम्ही नव्या मशीनमध्ये शोधत बसणार नाही.