अमिनो आम्लं जिवाणूत शिरतात कशी? एका शोधाची पार्श्वभूमी

1947 साली केंब्रिजच्या अर्नेस्ट गेल यांना दिसलं की काही जिवाणूंच्या पेशीत ग्लुटामिक आम्ल आणि लायसिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, बाहेरच्या द्रावणापेक्षा कितीतरी जास्त साठतात. ती नुसती झिरपत असती, तर आत-बाहेर प्रमाण सारखं झालं असतं. म्हणजे कोणीतरी ती आत ओढत होतं.

1955-56च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज कोएन आणि हॉवर्ड रिकेनबर्ग यांनी ई. कोलाय या जिवाणूला व्हॅलिन हे अमिनो आम्ल किरणोत्सारी रूपात दिलं. जिवाणूंनी ते भराभर आत घेतलं. मग बाहेर ल्यूसिन हे दुसरं अमिनो आम्ल साधं, म्हणजे किरणोत्सारी नसलेलं, टाकलं, तर आतलं व्हॅलिन बाहेर यायला लागलं! दोघांची वाट एकच होती. जाक मोनो यांच्या गटाने अशा वाहकांना ‘परमिएज’ म्हटलं. नावातला ‘एज’ विकरांच्या (एन्झाइमांच्या) नावांतला, आणि विकरं म्हणजे प्रथिनं. पण असं प्रथिन तोवर कोणाच्याच हाती लागलं नव्हतं. मला ते धाडस मोठं वाटतं.

प्रथिन हाती लागलं ते एका साध्या युक्तीने. 1965 मध्ये हॅरल्ड न्यू आणि लिऑन हेपेल यांनी जिवाणू आधी साखरेच्या दाट द्रावणात ठेवले आणि मग एकदम गार पाण्यात सोडले. या झटक्याने बाहेरच्या आवरणाखालची प्रथिनं पाण्यात उतरली, पेशी मात्र जिवंत राहिल्या. पुढच्याच वर्षी पिपर्नो आणि ऑक्सेंडर यांनी अशा पाण्यातून ल्यूसिनला घट्ट धरणारं प्रथिन वेगळं केलं. हे प्रथिन आवरणाखाली अमिनो आम्ल पकडून आतल्या पटलातल्या वाहकाकडे सोपवतं.

ताकद कुठून येते, हा वाद बराच चालला. 1973 मध्ये बर्गर यांनी दाखवलं की प्रोलिन पटलावरच्या विद्युतभाराच्या जोरावर आत येतं, तर ग्लुटामिनला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतं. एकाच जिवाणूत दोन तऱ्हा.

बर्कलेच्या जोव्हाना एम्स यांनी मात्र 1960च्या दशकापासून सॅल्मोनेला या जिवाणूतल्या हिस्टिडिन या एकाच अमिनो आम्लाचा वर्षानुवर्षं चिकाटीने पाठपुरावा केला. त्याच्या वाहकात चार प्रकारची प्रथिनं: पकडणारं हिसजे, पटलातली हिसक्यू व हिसएम, आणि एटीपी जाळणाऱ्या हिसपीच्या दोन प्रती. 1982 मध्ये त्यांच्या जनुकांचा क्रम वाचला गेला. 1989 मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या माणसाच्या आजाराचं जनुक सापडलं, तेव्हा त्याच्या प्रथिनात एटीपी धरणारे दोन भाग निघाले, थेट हिसपीच्या घडणीचे.