शंभरावं माकड आणि दुसरा माणूस

इंदूरच्या एका हॉटेलात आमच्या कारखान्यातल्या लोकांसाठी ‘बदल घडवा’ अशी कार्यशाळा झाली. पोहे-जिलेबी झाल्यावर ट्रेनरसाहेबांनी शंभराव्या माकडाची गोष्ट सांगितली. जपानमधल्या कोशिमा बेटावर माकडं रताळी धुऊन खायला शिकली, आणि शंभरावं माकड शिकलं त्या क्षणी समुद्रापलीकडच्या माकडांनाही ते आपोआप उमगलं. ‘कंपनं पोहोचतात!’ टाळ्या पडल्या.

रताळी धुतली जात होती, एवढं खरं. १९५३ साली इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीने ते सुरू केलं. तिच्याकडून खेळगड्यांनी उचललं, आईने उचललं, मग इतरांनी. प्रौढ नर बहुतेक शिकलेच नाहीत. आणि १९६२ साली त्या कळपात माकडं होती ५९. शंभरावं आणायचं कुठून?

सवय पसरते ती शेजाऱ्याकडे बघून. त्याचं गणित कंपनांपेक्षा कितीतरी गमतीचं आहे.

संप आणि दंगली कशा पेटतात यावर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये एक साधी कल्पना मांडली. प्रत्येकाच्या मनात एक उंबरठा असतो: ‘इतके जण उतरले, तर मीही उतरेन.’ चौकात शंभर माणसं आहेत असं धरा. एकाचा उंबरठा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. शून्यवाला दगड उचलतो, त्याला पाहून एकवाला, मग दोनवाला... सगळा चौक पेटतो. आता फक्त एकवाल्याला हलवा आणि त्याच्या जागी दोनवाला उभा करा. शून्यवाला दगड मारतो, मागे वळून बघतो, कोणी नाही. दंगल एका माणसावर संपली! सरासरी उंबरठा बदलला तो ४९.५० वरून ४९.५१.

उंबरठे घंटेच्या आकारात विखुरलेले घेतले, म्हणजे बहुतेकांचे सरासरीजवळ आणि टोकाचे थोडेच, तर आणखी मजा येते. सरासरी २५ ठेवा आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा पसारा, हळूहळू वाढवा. ते १२.२ च्या जरा खाली असेपर्यंत शंभरातले सहाएक जणच उतरतात. १२.२ ओलांडलं की जवळजवळ सगळे. इतके उतरले तर एकूण किती तयार होतात, हे दाखवणारा संचयी आलेख ४५ अंशांच्या रेषेला (जिथे दोन्ही आकडे सारखे होऊन गर्दी थांबते) खालच्या बाजूला भेटेनासा होतो, म्हणून ही उडी. (आलेख काढून पाहिल्याशिवाय हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.) म्हणून ‘आमच्या लोकांची मानसिकताच नाही’ हे साहेबांचं आवडतं वाक्य मला ऐकवत नाही. माणसं तीच असतात, फक्त मधली एक पायरी गळालेली असते.

१९३० च्या दांडी यात्रेत ही पायऱ्यांची जाण दिसते. वाट आधी जाहीर केलेली, निघताना गांधीजींबरोबर निवडलेले ७८ जण, आणि शेवटी करायचं काय, तर मीठ उचलायचं. किनाऱ्यावरच्या कोणालाही जमेल असं, आणि चारचौघांत.

आमच्या पीथमपूरच्या कारखान्यात याच्या बरोबर उलट चाललं होतं. अपघात होता होता टळला, की ‘निअर मिस’ म्हणून नोंद करायची. रजिस्टर साहेबांच्या केबिनमध्ये. कोणी लिहिलं हे कोणालाच दिसायचं नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं, पहिला मीच. उपाय म्हणून प्रत्येक विभागातून एकेक ‘चॅम्पियन’ नेमला, म्हणजे शून्यवाले वेगवेगळ्या चौकांत पांगवले. जोखमीची गोष्ट एकाच्या सांगण्यावरून सहसा कोणी करत नाही, ओळखीचे दोघे-तिघे करताना दिसावे लागतात.

शेवटी एका शिफ्टच्या लोकांनी कँटीनच्या भिंतीवर फळा लावला. पहिलं नाव लागलं चार महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या फिटरकाकांचं. त्यांना भीती कोणाची? अकरा दिवस ते नाव एकटंच होतं. बाराव्या दिवशी पॅकिंगमधला एक जण खडू घेऊन आला, ‘भिया, स्पेलिंग बता दे’ म्हणाला, आणि फोर्कलिफ्टबद्दल दोन ओळी खरडून गेला. त्या आठवड्यात फळा पुरला नाही.